मामा येईपर्यंत

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात पाऊस नोव्हेंबरच्या अखेरीला सुरू होतो. नाताळपर्यंत मका गुडघ्याला लागतो, खळग्याखळग्यांत पाणी साचतं आणि जानेवारी उजाडला की मुलांचा वॉर्ड मलेरियाने भरून जातो. एका खाटेवर दोन-दोन, तीन-तीन मुलं, खाटेखाली चटईवर त्यांच्या आया, आयांच्या पाठीला बांधलेली धाकटी भावंडं. घरातला मागच्या हंगामाचा मका नेमका याच दिवसांत संपलेला असतो, त्यामुळे आजारी पडणारं मूल आधीच खंगलेलं असतं. मलेरियाने अंगातलं रक्त इतकं कमी होतं की हिमोग्लोबिन चारच्या खाली जातं आणि मूल जिवावर येतं. असं मूल मी लातूरकडे नोकरीत असताना अधूनमधून बघत असे. तिथे ते रोज बघितलं.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी गेले. थ्योलो आणि मुलांजे या जिल्ह्यांत चहाचे मळे दूरवर पसरलेत, त्या पट्ट्यातलं एक मिशन रुग्णालय. माझं डॉक्टरकीचं शिक्षण अंबाजोगाईचं, पुढची सगळी नोकरी मराठवाड्यात. ग्रामीण भाग, तुटपुंजी साधनं, उशिरा पोचणारे पेशंट यांची मला सवय होती. कागदपत्रं, तिथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी, व्हिसा हे सगळं इतर कुठल्याही देशात होतं तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते रक्ताबद्दल.

पण त्याआधी तिथलं रुग्णालय चालतं कसं ते सांगायला हवं. मलावीत डॉक्टर फार थोडे. गाडा ओढतात ते क्लिनिकल ऑफिसर: तीन वर्षांचं शिक्षण, वर्षभराची इंटर्नशिप, आणि मग हर्नियापासून हाड बसवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन हेच लोक करतात. आमच्या वॉर्डचे क्लिनिकल ऑफिसर पन्नाशीला आलेले, शांत, हळू आवाजात बोलणारे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते पहिल्याच राउंडला एक गोष्ट बजावत: तापाने गळून गेलेल्या मुलाला भराभर सलाईन सोडू नका. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं की अशा मुलांना झपाट्याने सलाईन दिलं तर मृत्यू वाढतात. मी तो अभ्यास वाचला होता. त्यांनी ती मुलं बघितली होती.

मलेरियात बेशुद्ध झालेल्या मुलाची शुद्ध मोजायला जगभर जो ब्लँटायर कोमा स्केल वापरतात, तो आमच्यापासून काही तासांच्या अंतरावरच्या ब्लँटायर शहरातला. शून्य ते पाच. पाच म्हणजे मूल जागं आहे, डोळ्यांनी आईला शोधतंय. तिथल्या नर्सेस हा आकडा झोपेत विचारला तरी बरोबर सांगतील.

आता त्रासाचं. वीज जायची. देशाची बहुतेक वीज शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते, नदीचं पाणी उतरलं की अंधार. जनरेटरचं डिझेल ऑपरेशन थिएटरसाठी राखून ठेवलेलं. वॉर्डातले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एकदम बंद पडत. त्यांची घरघर थांबली की सगळ्या आया एकाच वेळी माना वर करून आमच्याकडे बघत. मग सिलिंडर ओढत आणायचा, त्याच्या एका नळीचे चार फाटे करायचे आणि कुणाला किती द्यायचा ते ठरवायचं. शिरेत घालायच्या नळ्या, म्हणजे कॅन्युला, कधी एकाच मापाचे मिळत, तेही मोठ्यांचे. मागच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली देणगीत आलेली यंत्रं पडून होती, कुठे प्लग वेगळा, कुठे सुटा भाग मिळत नाही, कुठे माहितीपत्रक जर्मन भाषेत. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ज्याने कुणी ती पेटी भरली त्याने आधी एक फोन करून विचारलं असतं, तर त्याच खर्चात दोन वर्षं पुरतील इतके छोटे कॅन्युला आले असते. हे मी तेव्हाही रागाने बोलत असे आणि आजही त्याच रागाने लिहिते आहे.

औषध नसलं की मला राग यायचा, पण त्या रागाला दिशा असायची. पत्र लिहा, फोन करा, शेजारच्या रुग्णालयाकडून उसनं आणा. कठीण मलेरियावरचं आर्टेसुनेट त्या हंगामात आम्हाला जवळजवळ कायम मिळालं, हेही सांगायला हवं. एचआयव्हीच्या बाबतीत तर या गरीब देशाने जगाला वाट दाखवली: प्रत्येक बाधित गरोदर बाईला, चाचण्यांचे आकडे न बघता, आयुष्यभराचं औषध सुरू करायचं हे धोरण मलावीने २०११ मध्ये सुरू केलं आणि पुढे इतरांनी ते उचललं. तेव्हा ‘तिथे काही होतच नाही’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

रक्ताचं मात्र वेगळं. रक्त कारखान्यात तयार होत नाही. ते शेजारच्या गावातल्या माणसाच्या अंगात असतं, आणि ते त्याने द्यावं लागतं.

मलावीत राष्ट्रीय रक्तसेवा आहे, तिचं केंद्र ब्लँटायरला. स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांत मोठा वाटा माध्यमिक शाळांतल्या मुलामुलींचा. शाळांना सुट्टी लागली की पिशव्या कमी होतात. नाताळची सुट्टी डिसेंबरच्या मध्यावर लागते, म्हणजे मलेरिया चढायला लागतो त्याच सुमारास रक्त आटतं. आपल्याकडे मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की रक्तपेढ्यांवर पाट्या लागतात, तेच गणित. मग उरतात नातेवाईक. पोराला रक्त लागलं की घरच्या कुणीतरी द्यायचं. रात्री लॅबचा तंत्रज्ञ उठून येतो, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या चाचण्या करतो, गट जुळवतो आणि मग पिशवी वॉर्डात येते.

जानेवारीतली एक रात्र सांगते. दीड-दोन वर्षांचा मुलगा, वजन नऊ किलो, हिमोग्लोबिन २.६. तळहात कागदासारखे पांढरे. श्वास खोल आणि भराभर, प्रत्येक श्वासाला मान पुढे येत होती. नऊ किलोला किलोमागे वीस मिलिलिटर धरलं तर १८० मिलिलिटर रक्त. मोठ्या माणसाची एक पिशवी ४५० ची. म्हणजे एका पिशवीत हे मूल आणि शेजारच्या खाटेवरचं, दोघंही भागली असती. फ्रीजमध्ये त्याच्या गटाची पिशवी नव्हती. आई पुन्हा गरोदर, तिचं घेता येईना. आजीने दंड पुढे केला. तंत्रज्ञाने तिचं हिमोग्लोबिन तपासलं आणि मान हलवली, ते तिलाच पुरत नव्हतं. बाप दक्षिण आफ्रिकेत कामाला गेलेला. बाहेर व्हरांड्यात आईचे दोन धाकटे भाऊ बसलेले, विशीतले, धडधाकट. मी त्यांच्याकडे गेले. ते उभे राहिले, दोन्ही हात जोडून आदबीने बोलले, आणि नाही म्हणाले.

“मोठा मामा येऊ दे,” आजी म्हणाली.

मोठा मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. डोंगरापलीकडच्या गावात. दक्षिण मलावीतले लोम्वे, याओ, मांगांजा हे समाज मातृवंशीय. लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, जमीन आईकडून मुलीकडे जाते, आणि बहिणीच्या मुलांबाबतचा शेवटचा शब्द तिच्या थोरल्या भावाचा. पोराला दवाखान्यात न्यायचं की नाही, ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही, सगळं तो ठरवतो. बापाचा मान असतो, पण बाप पाहुणा. आपल्याकडे मामाचं कौतुक लाडापुरतं. तिथे मामावर जबाबदारी असते, आणि ती तो गंभीरपणे घेतो.

मामा सकाळी साडेसहाला आला. भाड्याच्या सायकलवर मागे बसून, चिखलातून. मूल पहाटे पाचच्या आधीच गेलं होतं.

त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने क्लिनिकल ऑफिसरांना एकच प्रश्न विचारला: मला फोन का नाही केला? बहिणीच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता. तिने रात्री साडेआठला एका ओळखीच्याच्या हाती निरोप पाठवला होता, तो निरोप पायी पायी पहाटे पोचला. मामाचा गट तंत्रज्ञाने तपासला. जुळत होता.

त्या दिवशी राउंड झाल्यावर मी क्लिनिकल ऑफिसरांना म्हणाले, पण ते दोघं धाकटे तिथेच होते, त्यांनी का दिलं नाही? तेव्हा त्यांनी मला २०१७ चं सांगितलं.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलांजे आणि फालोम्बे जिल्ह्यांत अफवा उठली की रात्री माणसं येतात आणि झोपलेल्यांचं रक्त काढून नेतात. गावोगाव तरुण पहारा देऊ लागले. रात्री रस्त्यावर दिसलेल्या परक्या माणसांना अडवलं, मारलं. काही जण जिवानिशी गेले. संयुक्त राष्ट्रांनी आपले कर्मचारी त्या दोन जिल्ह्यांतून काही काळ हलवले, सरकारने रात्रीची संचारबंदी लावली. त्या आठवड्यांत मलेरियाच्या तपासणीला बोट टोचणंसुद्धा कठीण झालं होतं, असं आमचा तंत्रज्ञ सांगे. तो स्वतः मुक्कामाला लॅबमध्येच राहिला होता, कारण त्याचं काम काय ते गावाला ठाऊक होतं. त्यानंतरचा हा दुसराच पावसाळा. ते दोन धाकटे भाऊ तेव्हा पहाऱ्याला उभे राहिलेल्या पोरांपैकीच असतील.

‘अंधश्रद्धा’ म्हणून एका शब्दात हे निकालात काढणं मला जमलं नाही. मी निघाले त्याच वर्षी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं होतं. मोबाइल, रस्ता, शाळा, ग्रामपंचायत सगळं असलेलं गाव. तेव्हा आफ्रिकेकडे बोट दाखवायचा मला काय अधिकार? आणि रक्ताबद्दलच्या त्या भीतीला तिथे इतिहास आहे. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत वसाहतीच्या काळापासून अशा अफवा उठत आल्यात. परकी माणसं येतात, गाड्या घेऊन येतात, टोचतात, नळ्यांत रक्त भरून नेतात, आणि ते कुठे गेलं हे गावाला पुन्हा कुणी येऊन सांगत नाही. एवढं पुरेसं आहे संशयाला.

आता संध्याकाळचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं.

सहाला अंधार पडतो. आवारात डॉक्टरांची चार-पाच घरं. एक डच डॉक्टर जोडपं होतं, युरोपातून येणारे विद्यार्थी असत. शुक्रवारी सगळे एकत्र जेवायचो, प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. त्या जेवणांचा मला आधार होता, पण तिथे दर वेळी गाडी एकाच रुळावर यायची: हे लोक असे का, ते लोक तसे का. आठवडाभर मेलेली मुलं बघितलेली माणसं असं बोलतात, मला ते समजायचं. तरी दोन-चार शुक्रवारांनंतर मी मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, घरी जास्त जाऊ लागले. तिची ओसरी, कोळशाची शेगडी, सतत येणारीजाणारी माणसं. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याच्यासोबत शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी किंवा तळ्यातले सुकवलेले छोटे मासे. हाताने जेवायचं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या बाईला ते जेवण परकं वाटलं नाही, आणि मी बोटं चाटून खाते हे बघून मेट्रनच्या आईने माझ्याशी बोलायला सुरुवात केली, तिला इंग्रजीचा आणि मला तिथल्या चिचेवा भाषेचा गंध नसताना.

तिच्या अंगणाच्या कडेला तूर होती. मक्यात लावलेली, आपल्याकडे सोयाबीनमध्ये लावतात तशीच. दक्षिण मलावी हा तुरीचा मुलूख आहे आणि ती तूर विकली जाते ती मुख्यतः भारताला. मी लातूरची आहे, डाळीच्या बाजारपेठेतली, हे कळल्यावर एका शेजाऱ्याने मला थेट विचारलं: तुम्ही आमची तूर घेणं का थांबवलंत? २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारत सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली आणि मलावीतले भाव कोसळले. मी त्याला त्याच वर्षीचं लातूर सांगितलं. भरघोस पीक, ५,०५० रुपये हमीभाव कागदावर, आणि खरेदी केंद्रांबाहेर दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतातलीही तूर त्यांत होती. दोघांच्याही घरात तूर पडून होती, हे त्याला पटलं. पुढे तो मला भेटला की आधी लातूरचा भाव विचारायचा, मग तब्येत. भाव पडले की मुलाला दवाखान्यात आणायला सायकलवाल्याला द्यायचे पैसे नसतात, हे मला वॉर्डात कुणी सांगितलं नव्हतं. त्या अंगणात कळलं.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी लिंबेला जायची. ब्लँटायरला लागून असलेली ही व्यापारी पेठ गुजराती दुकानदारांची. एका कुटुंबाशी ओळख झाली. त्यांच्या आजोबांचं दुकान पूर्वी आमच्याच पट्ट्यातल्या एका छोट्या बाजारगावात होतं. १९७० च्या दशकात मलावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या सरकारने आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतून उठवून मोजक्या शहरांत आणलं, तेव्हा ते लिंबेला आले. बांडा स्वतः डॉक्टर होते. त्या घरात मला गरम फुलके मिळायचे, फोडणीचा वास मिळायचा आणि मी परत येताना डबा भरून घेऊन यायची. त्यांना मी गावात राहते याची काळजी वाटे. त्यांच्या घराला उंच भिंत होती, वर तारा. मला त्यांचा रागही येत नसे आणि त्यांच्यासारखं राहावंसंही वाटत नसे.

लग्नांना गेले, तिथे पाहुणे नाचत नाचत वधूवरांवर नोटा उधळतात. चर्चमध्ये गेले, तिथलं चार पट्ट्यांतलं गाणं ऐकायला. पण मला माणसांत आणलं ते मरणाने.

मयत झालं की तिथे काम थांबतं. नर्सचा चुलत दीर गेला, माळ्याची सासू गेली, निम्मा स्टाफ रुग्णालयाच्या गाडीत बसून निघतो. सुरुवातीला माझा जीव नुसता तळमळायचा. ओपीडीबाहेर दोनशे माणसं आणि आपण निघालो मातीला! डच डॉक्टर म्हणायचे, याची सवय होत नाही. मग मेट्रनची आई गेली, तीच, बोटं चाटण्यावरून बोलू लागलेली. मी रात्रभरासाठी गेले. बायका घरात जमिनीवर पाय लांब करून प्रेताभोवती बसतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. गाणी थांबत नाहीत. मी अंगाला चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते कापड, गुंडाळून भिंतीला टेकून बसले. तिथे माझ्या शेजारी एक साठीची बाई होती. तिने माझ्या मांडीवर स्वतःचं अर्धं पांघरूण टाकलं. ती त्या गावाची मुख्य होती, तिकडे बायकाही गावप्रमुख असतात. पहाटेच्या सुमारास तिने मेट्रनच्या बहिणीकरवी मला विचारलं: तुम्ही रक्त घेता ते ठेवता कुठे?

मी म्हटलं, लॅबमधल्या फ्रीजमध्ये. दाखवते.

ती आली. मातीनंतर काही दिवसांनी, सोबत पाच-सहा माणसं घेऊन. त्यांतले दोघे कुणाकुणाचे मामा. तंत्रज्ञाने फ्रीज उघडला. एक पिशवी होती. त्याने ती तिच्या हातात दिली, थंडगार, त्यावरचं लेबल वाचून दाखवलं, तारीख दाखवली, सांगितलं की हे पस्तीस दिवस टिकतं, पुढे फेकून द्यावं लागतं. मग तो त्यांना वॉर्डात घेऊन गेला आणि जिच्या अंगात रक्त चाललं होतं ती मुलगी दाखवली. नळीतून थेंब पडत होते. गावप्रमुखाने मुलीच्या आईला विचारलं, कुणाचं? आईने भावाकडे बोट दाखवलं, तो खाटेच्या पायथ्याशीच बसलेला. एवढंच झालं. मी त्या सगळ्यात एक शब्द बोलले नाही, बोलण्याची गरजही नव्हती.

त्यानंतर तिने आम्हाला गावच्या बैठकीला बोलावलं, आंब्याखाली. प्रश्नांची सरबत्ती झाली. रक्त दिलेला माणूस कुदळ कधी धरू शकतो? गोऱ्यांना विकता का? बाईचं रक्त पुरुषाला चालतं का? आणि मग मागून एका तरुणाने विचारलं तो खरा प्रश्न होता: माझं रक्त तपासून मला एचआयव्ही निघाला तर तुम्ही कुणाला सांगणार? सगळे गप्प झाले. रक्तपिपासूंची भीती लोक मोकळेपणाने बोलून दाखवत होते, ही भीती कुणी बोलत नव्हतं. तंत्रज्ञाने उत्तर दिलं, सविस्तर, दोनदा. निकाल फक्त तुलाच सांगणार. बहिणीला नाही, मामाला नाही, गावप्रमुखालाही नाही. ती शेजारीच बसली होती, तिने मान डोलावली.

फरक पडला का? पडला, पण मला हवा होता तेवढा नाही. काही मामा यायला लागले. काही गावांतून एकही आला नाही.

क्लिनिकल ऑफिसरांनी काढलेल्या युक्तीचा उपयोग सर्वांत जास्त झाला. प्रत्येक मुलाचा हेल्थ पासपोर्ट असतो, म्हणजे घरच्यांनी सांभाळायची छोटी वही, तिच्यात सगळ्या तपासण्या आणि औषधं लिहिलेली. त्यांनी नर्सेसना सांगितलं, हिमोग्लोबिन सहाच्या खाली आलं की त्याच पानावर मामाचा फोन नंबर लिहायचा आणि लगेच फोन लावायचा. रक्त लागेल तेव्हा नाही, आत्ताच. मूल अजून दूध पितंय, बोलतंय, तेव्हाच मामा निघाला पाहिजे. वॉर्डात एक साधा मोबाइल ठेवला. मामा दुपारी पोचू लागले, कधी संध्याकाळी. काहींच्या भाच्यांना शेवटी रक्त लागलंच नाही. तरी ते बसून राहिले, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या मुलाला दिलं.

मार्च २०१९ च्या पहिल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. पुढे मोझांबिकमधल्या बैरा शहरावर जाऊन आदळलेलं इडाई वादळ ते हेच, त्याने आधी दक्षिण मलावी बुडवली. पूल गेले, शाळांत बेघर झालेल्यांचे संसार मांडले गेले, ब्लँटायरहून रक्ताची गाडी येईना. त्या दिवसांत आम्ही फक्त मामांवर होतो. अंगावरचे कपडे पिळून व्हरांड्यात उभा राहिलेला आणि पहिलं वाक्य “कुठाय पोरगं?” असं बोललेला एक माणूस मला आठवतो. त्याच्या भाच्याला त्याचं रक्त मिळालं. त्याच आठवड्यात ज्यांच्या मामांचा रस्ता वाहून गेला होता, त्यांतली काही मुलं वाचली नाहीत. फोन लागला होता, माणूस निघाला होता, नदी आडवी आली.

पाऊस ओसरल्यावर, जून-जुलैच्या चिपेरोनीत, म्हणजे डोंगराकडून येणाऱ्या गार भुरभुरीत, वॉर्ड जरा रिकामा झाला तेव्हा आम्ही पुढच्या हंगामाची तयारी केली. जवळच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक मेट्रनच्या चर्चमधले. डिसेंबरची परीक्षा संपली की सुट्टीआधीच्या आठवड्यात शिबिर घ्यायचं ठरलं. तेव्हा घेतलेली पिशवी जानेवारीच्या मध्यापर्यंत टिकते. ऑगस्टमध्ये मलावी आणि युगांडातल्या मुलांना रक्त देण्याबाबतच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले: चार ते सहा हिमोग्लोबिन असलेलं मूल बाकी स्थिर असेल, तर लगेच रक्त न देता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं तरी मृत्यू वाढत नाहीत. आम्ही तो लेख ओसरीवर बसून वाचला, तंत्रज्ञ, क्लिनिकल ऑफिसर आणि मी. क्लिनिकल ऑफिसर म्हणाले, म्हणजे मामाला आणखी एक रात्र मिळाली.

मी ऑक्टोबरात परतले. डिसेंबरचं शिबिर झालं, त्याचे फोटो आले. अकरावी-बारावीच्या वर्गात शोभतील अशा वयाची मुलं, हातात बिस्किटांचे पुडे.

वॉर्डातल्या फोनच्या रिचार्जला मात्र रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात अजूनही जागा नाही. औषधांत ते बसत नाही, प्रवासात बसत नाही, कार्यालयीन खर्चात बसवलं तर हिशेब तपासणारे काढून टाकतात. मी होते तोवर शुक्रवारच्या जेवणाला वर्गणी काढून ते भरत होतो. आता क्लिनिकल ऑफिसर आणि मेट्रन आपल्या पगारातून भरतात. मी इथून पाठवते, लिंबेचे दुकानदारही देतात. पण जो फोन वेळेवर लागला तर मूल वाचतं तो कुणाच्या खिशावर चालता कामा नये. त्यासाठी आम्ही रुग्णालयाकडे पुन्हा अर्ज केला आहे, या खेपेला रक्तपेढीच्या खर्चाखाली.